समुद्राला दिलेला तवा

मंगळवार, ८ मार्च

प्रिय,

हा एक शब्द लिहून बराच वेळ थांबलो. लग्नानंतर तुला पत्र लिहायची वेळच कधी आली नाही. शाळेत मी मुलांना वडिलांना, मित्राला, मुख्याध्यापकांना आणि पाणीपुरवठा अधिकाऱ्यांना पत्र लिहायला शिकवलं. रुसलेल्या बायकोला लिहायचं पत्र अभ्यासक्रमात नव्हतं. असतं तर मी ते 'स्वतः करा' म्हणून सोडून दिलं असतं.

फोनच करणार होतो. पण तुझ्या ताईकडे फोन वाजला की साडू उचलतात आणि "बोला कविराज, आज काय बुडवलंत?" असं विचारतात. तेव्हा पत्रच बरं. पत्राला मध्येच कोणी हसत नाही.

सगळ्यात आधी एक स्पष्ट करतो. मी समुद्रात उडी मारत नव्हतो. बंदरावरच्या पहारेकऱ्याने मला दंडाला धरून दारात आणलं आणि तुला जे काही सांगितलं, ते त्याच्या पदरचं होतं. मी धक्क्याच्या टोकाला उभा होतो, हे खरं. चपला काढून शेजारी नीट ठेवल्या होत्या, हेही खरं. कविता म्हणताना पायात काही घालायचं नाही, ही आमच्या मास्तरांची शिस्त. हात वर केले होते, कारण हातात तवा होता. आता म्हातारा माणूस, काढलेल्या चपला, वर केलेले हात आणि मोठ्याने चाललेली कविता, एवढं सगळं एकत्र पाहिलं की पहारेकरी काय समजणार? त्याने मागून येऊन मला मिठीच मारली.

"आजोबा, घरी कोणी काही बोललं का?"

"घरी कोणी काही बोलत नाही, हीच तर अडचण आहे," मी म्हटलं. "सोड मला. समुद्राला लोखंड देतोय."

"द्या की. पण दोन पावलं मागे येऊन द्या."

तेवढ्यात तवा हातातून सुटला होता.

यामागचा विचार मी तुला आदल्या रविवारी सविस्तर सांगितला होता. तू लसूण सोलत होतीस आणि "हं" म्हणालीस, म्हणून मला वाटलं पटला. पुन्हा थोडक्यात सांगतो. बंदरापलीकडच्या समुद्र संशोधन संस्थेत रविवारी व्याख्यान होतं. देणारी कोण, तर आपली पुटपुटी! सहावी 'ब'मधली, फळ्यासमोर उभी केली की कविता ओठातल्या ओठात म्हणायची ती. आता मोठी संशोधक झाली आहे आणि खणखणीत बोलते. ती म्हणाली, दूरच्या खोल समुद्रात कित्येक ठिकाणी ऊन आहे, खत आहे, सगळं आहे. फक्त लोखंड नाही. लागतंही किती, तर नावापुरतं, नखावर मावेल एवढं. पण तेवढं नसलं की पाण्यातली हिरवळ उगवतच नाही. डोळ्यांना न दिसणारी हिरवळ. तिला प्लवक म्हणतात. तिच्यावर बारके जीव जगतात, त्यांच्यावर मासे, माशांवर मोठे मासे. शिवाय ही हिरवळ हवेतला कर्बवायू पिते आणि मरताना त्यातला थोडा बरोबर घेऊन तळाशी जाते. पूर्वी देवमासे खोल जाऊन जेवायचे आणि वर येऊन विधी करायचे, त्यातून लोखंड वरच्या पाण्यात फिरत राहायचं. माणसांनी देवमासेच मारून टाकले. आता ते हरवलेलं लोखंड समुद्राला परत देता येईल का, याचा अभ्यास पुटपुटी आणि तिची मंडळी करताहेत.

मी घरी येऊन देवमाशाच्या विधीवर चार कडवी रचली. तू "जेवताना नको" म्हणालीस.

नुसत्या कवितेने समुद्राचं काय भागणार? म्हणून आठवडाभर मी घरात लोखंड शोधत फिरलो. खिडकीचे गज निघेनात. मागच्या दाराचं कुलूप तू दिलं नाहीस. शेवटी रविवारी सकाळी स्वयंपाकघरात खुंटीवर तवा दिसला. तुझा तवा. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात माझ्या आईने तुझ्या हातात दिलेला. हातात घेतला तर वाटला त्याहून हलका लागला. त्यागाच्या क्षणी वस्तू हलक्या होत असाव्यात.

"घे सागरा, हे पात्र काळे,
हिरवे होवोत तुझे उमाळे!"

पुढची ओळ पहारेकऱ्याच्या मिठीत गेली. पण तवा किती सुंदर गेला, हे तू पाहायला हवं होतंस. एकदम बुडाला नाही. पाण्यावर डुलला, उन्हात चकाकला, एका अंगावर कलला आणि निरोप घेतल्यासारखा खाली उतरला.

घरी तू रिकाम्या खुंटीकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि "कोणता टाकलात?" एवढंच विचारलंस.

"तुझा," मी म्हटलं. "तुझाच देण्यात अर्थ होता."

मग तू पिशवी भरलीस. ती गाडीत ठेवायला मला दोन्ही हात लागले. "काय भरलंयस एवढं?" म्हणून विचारलं, तर "संसार" म्हणालीस. गाडी वळेपर्यंत मी हात हलवत होतो. तू पुढे बघत होतीस.

माझं जेवण उत्तम चाललं आहे. काळजी नसावी.

तुझाच (अजून तरी)


शुक्रवार, ११ मार्च

प्रिय,

उत्तर आलं नाही. टपालाचा घोळ असेल. पोस्टमन आपल्या फाटकाशी थांबला होता, पण तो शेजाऱ्यांच्या मांजराशी बोलायला.

काल संस्थेत जाऊन आलो. म्हटलं, आपण दिलेल्या लोखंडाची कुठे तरी नोंद व्हावी. पुटपुटी तिच्या टेबलाशी बसली होती. मला पाहून उठून उभी राहिली. इतकी मोठी झाली तरी उठून उभी राहते, हे पाहून मला त्या जुन्या वर्गाची आठवण झाली. खिडकीतून येणारं तिरकं ऊन, खडूची धूळ, आणि साठ पोरं एका सुरात समुद्राची कविता म्हणताहेत. निम्म्या पोरांनी तेव्हा समुद्र पाहिलाही नव्हता...

असो. भरकटलो.

मी तिला तव्याचं सांगितलं. ती खाली वाकली आणि टेबलाचा खण बराच वेळ शोधत राहिली. खांदे हलत होते. काही तरी महत्त्वाचं हरवलं असावं.

वर आल्यावर तिने विचारलं, "सर, कुठे टाकलात?"

"बंदरात. धक्क्याच्या टोकावरून."

"सर, बंदरात लोखंड रग्गड आहे. नद्या आणतात, बोटी गंजतात. तिथे तवा टाकणं म्हणजे मिठागराला मीठ नेऊन देण्यासारखं. उणीव आहे ती लांब, किनाऱ्यापासून दूर."

"मग लांब जाऊन टाकू."

"तवा नाही हो, सर! तो तळाशी जाऊन बसणार. हिरवळ उगवते वरच्या उजेडात. तिला विरघळलेलं लोखंड हवं. तळातला तवा म्हणजे कुलूपबंद कपाटातलं पुस्तक. आणि असं कोणीही उठून काहीही टाकायचं नसतं. परवानग्या लागतात. आधी वर्षानुवर्षं मोजायचं. कुठली हिरवळ उगवेल, ती विषारी तर नसेल, तळाशी गेलेला कर्ब तिथे किती काळ राहील, हे अजून आम्हालाच पक्कं ठाऊक नाही."

ती 'ठाऊक नाही' इतक्या स्वच्छ आवाजात म्हणाली! सहावीत हेच दोन शब्द ती पुटपुटायची आणि मी तिला बाकावर उभी करायचो.

मग म्हणाली, "काकू काय म्हणाल्या?"

"बहिणीकडे गेली आहे. हवापालटाला."

"तव्याच्या आधी गेल्या की नंतर?"

शास्त्रज्ञांचं हे वाईट. लगेच क्रम विचारतात.

"नंतर," मी म्हटलं. "पण दोन्हींचा संबंध असेलच असं नाही. अजून पक्कं ठाऊक नाही."

ती पुन्हा खणात गेली.

निघताना तिने मला काम दिलं. शाळेच्या मुलांसाठी त्या लोकांनी एक माहितीपुस्तिका लिहिली आहे, तिची भाषा मी तपासायची. सोमवारपासून जाणार आहे. साडूंना सांगायला हरकत नाही की मला संस्थेने बोलावून घेतलं.

जेवणाचं विचारशील तर पाव आणि अंडं. अंडं मी दुधाच्या पातेल्यात करतो. ते पातेल्याला इतकं धरून बसतं की खाताना पातेलं हातात घेऊन खिडकीशी उभं राहावं लागतं. तिथून समुद्र दिसतो. ती एक वेगळीच मजा आहे.

डॉक्टरांकडेही सहज गेलो होतो. म्हणाले, रक्तात लोह कमी आहे. "माझ्या की समुद्राच्या?" असं मी विचारलं, तर त्यांनी रक्तदाबही तपासला. गोळ्या दिल्या आहेत. घरचं जेवा, म्हणाले. बरं म्हटलं.

तुझाच
(ताईंना नमस्कार. साडूंनाही, हातासरशी.)


बुधवार, १६ मार्च

प्रिय,

आज एक छोटा प्रसंग घडला. तुला तो दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावा. पुटपुटीकडे ताईंचा फोन नंबर आहे, हे मला आजच समजलं.

संस्थेत एक खोली आहे, जिथे दूरच्या समुद्राचं पाणी तपासतात. तिथलं सोवळं पाहून तू खूश होशील. सगळं प्लास्टिकचं. खिळा नाही, बिजागरी नाही. बाटल्या आठवडेच्या आठवडे आम्लात भिजवतात, मग धुतात, मग दुहेरी पिशवीत झोपवतात. कारण मोजायचं लोखंड इतकं थोडं की खोलीत उडालेला गंजाचा एक कण समुद्रापेक्षा भारी पडतो. ही मंडळी लोखंडी जहाजावर महिनोन्‌महिने राहतात आणि त्या जहाजाचं लोखंड पाण्याला लागू देत नाहीत. चिखलात उभं राहून पांढऱ्या कपड्यावर डाग न पडू देण्यासारखं!

पुस्तिकेत त्या खोलीचं वर्णन फार रूक्ष होतं. मी म्हटलं, आत जाऊन पाहिल्याशिवाय भाषा कशी सुधारणार? पुटपुटीने हो-ना करत परवानगी दिली. दारातच तिने माझं घड्याळ काढून घेतलं, किल्ल्या घेतल्या, तारेच्या काड्यांचा चष्मा घेतला आणि पट्टाही घेतला.

"सर, अंगावर आणखी काही धातूचं?"

आता इथे मला जरा विचार करावा लागला. पँटला एक सेफ्टी पिन होती. पट्टा गेल्यावर सगळा भार तिच्यावर होता. एकीकडे विज्ञान, एकीकडे अब्रू.

"काही नाही," मी म्हटलं.

वरून त्यांनी पांढरा झगा घातला, टोपी, हातमोजे. आत सगळे अगदी हळू बोलत होते. मला आपलं ग्रंथालय आठवलं. पिन मधूनमधून सरकत होती. मी झग्यात हात घालून तिला जागेवर बसवत होतो आणि त्याच हाताने, मदत म्हणून, एक बाटली इकडची तिकडे दिली.

थोड्या वेळाने यंत्रापाशी गडबड सुरू झाली. सुदैवाने ते समुद्राचं पाणी नव्हतं; यंत्र ठीक चाललंय का हे बघायला आधी कोरं पाणी तपासतात, ते होतं. त्यात लोखंड शून्याच्या जवळपास यायला हवं. आलं ते इतकं की पुटपुटी म्हणाली, "हे पाणी आहे की खाण?" मग यंत्र उघडलं, नळ्या बदलल्या, एकाने दुसऱ्यावर संशय घेतला. दुपारचा चहा राहिला. शेवटी तिने सगळ्यांना बाहेर काढून रांगेत उभं केलं आणि मला एकदम सगळं उलटं झाल्यासारखं वाटलं. कारण असंच मी एकदा सहावी 'ब'ला उभं केलं होतं, खडू कोणी खाल्ला म्हणून.

मी झगा जरासा उचलला.

पिन गंजलेली होती.

"सर!" ती म्हणाली. मग म्हणाली, "खरं का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू ती काढून घेतली असतीस. मग मला झग्यासकट घरी जावं लागलं असतं."

कोणी तरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच सुटले. मी म्हटलं, "काही का असेना, पाण्यातलं लोखंड वाढवून दाखवणारा या इमारतीतला मी पहिलाच." यावर ती भिंतीला टेकली. मला खोलीत परत नेणार नाहीत, पण पुस्तिकेचं काम चालू आहे. उद्या ते यंत्र पुन्हा जुळवणार आहेत, मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं आहे.

पिन का लावली होती, असा प्रश्न तुझ्या मनात येईल. त्याला तसं काही कारण नाही. हल्ली लावतात.

तुझाच


मंगळवार, २२ मार्च

प्रिय,

पाकीट मिळालं. आत चिठ्ठी असेल म्हणून हलवून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. एक बटण, आणि दोरा ओवलेली सुई. बस.

आयुष्यभर मुलांना सांगत आलो की थोडक्या शब्दांत पुष्कळ सांगावं. पण तू तर शब्दच घातला नाहीस. बटण मी लावलं आहे. पँट शिवताना बरोबर खिसाही शिवला गेला, पण बटण पक्कं आहे.

त्या पाकिटाने मला धीर आला. म्हटलं, तवा परत आणायचाच. बंदरात बोटींचे तळ खरवडणारा एक पाणबुड्या आहे. पहारेकऱ्याने त्याच्याशी गाठ घालून दिली. (पहारेकरी आता माझा मित्र झाला आहे. धक्क्यावर गेलो की आधी माझ्या चपलांकडे बघतो.) पाणबुड्याने मोबदल्यात काय मागावं? चार ओळी! त्याची बायको रुसली होती.

"सर, असं काही तरी लिहा की वाचून विरघळली पाहिजे."

मी लगेच लिहून दिलं, "तुझ्या डोळ्यांत निळा सागर, माझी नाव त्यात अनावर" वगैरे. हे माझं हातखंडा काम. शनिवारी सकाळी तो उतरला. पहारेकऱ्याने बोटाने जागा दाखवली, "आजोबा इथेच मरत होते." मी वरून कविता म्हणायला लागलो तर दोघांनीही गप्प बसायला सांगितलं.

पहिल्यांदा वर आलं सायकलचं चाक. मग नांगराचा तुकडा. मग एक तवा! मी टाळी वाजवली. इतक्यात तो पुन्हा बुडी मारून दुसरा तवा घेऊन आला. मग तिसरा. आपल्या बंदरात इतके तवे कोण टाकतं, कोणास ठाऊक! प्रत्येकामागे एकेक गोष्ट असणार. चौथाही निघाला होता, पण त्याला गंजाचा डागसुद्धा नव्हता. काळा, गुळगुळीत, आणि खरवडलं तिथे चांदीसारखा. दोन आठवडे समुद्रात राहिलेल्या लोखंडाला गंज नाही, असं कसं होईल? तेवढं शास्त्र आता मला कळतं. तो मी परत टाकायला लावला.

तीनही तवे घेऊन घरी आलो. घासले. पायरीवर ओळीने मांडले. आणि मग समोर बसून राहिलो.

आता जे लिहितो ते दोनदा लिहून खोडलं आहे. यातला तुझा कोणता, ते मला ओळखू येत नाही.

एकाचा काठ जाड आहे. एक मध्ये खोलगट आहे. एकाला धरायला कान आहे. तुझ्या तव्याला कान होता का? मी डोळे मिटून आठवायला बसलो. तुझा हात आठवला, धूर आठवला, वास आठवला, बाहेर पडणारं ऊन आठवलं, त्या उन्हावर केलेली कवितासुद्धा आठवली. तवा आठवला नाही. इतकी वर्षं त्याच्यावरचं खात आलो!

काल पाणबुड्या तावातावाने आला. "सर, घोटाळा झाला. ती आणखी चिडली. म्हणते, माझे डोळे निळे? कधी बघितलेस? तपकिरी आहेत माझे!"

मी त्याला म्हटलं, खोडून तपकिरी लिही. तो म्हणाला, "आता लिहून काय होणार? आता नीट बघतच बसावं लागणार." आणि गेला.

तेव्हा तू ये. भांडायला ये, हवं तर. तिघांपैकी तुझा कोणता तेवढं सांग आणि लगेच परत जा. मी अडवणार नाही. अडवीन, पण फार नाही.

जेवण उत्तम चाललं आहे, हे मी आधी लिहिलं होतं. ते खोटं होतं.

तुझा


रविवार, २७ मार्च

प्रिय,

काल तू येऊन गेलीस, त्यावर लगेच पत्र कशाला, असं वाटेल. पण काल मला काही बोलता आलं नाही. तुला ठाऊक आहे, मी बोलू लागलो की उपमा सुचतात, आणि काल तू पहिल्याच उपमेला हात वर केलास.

मी पायरीवर तिघांपुढे बसलो होतो. फाटक वाजलं. तू तीच जड पिशवी घेऊन आलीस, एकेक तवा उचललास, उलटा केलास आणि खाली ठेवलास.

"यातला एकही नाही."

मी तिघांकडे पुन्हा पाहिलं. "म्हणजे मग तो चौथा?"

"कोणता चौथा?"

"काळा होता, गुळगुळीत. अजिबात गंजला नव्हता. तो मी परत टाकायला लावला."

तू पायरीवर बसलीस. पदर तोंडाला लावलास. मला वाटलं रडतेस. मी पाणी आणायला उठलो. तू हसत होतीस. पुटपुटी खणात जाऊन हसते तशी नाही, उघड्यावर, शेजाऱ्यांचं मांजर पळालं इतकी.

"भाऊजींनी दिलेला हो तो! लग्नाच्या वाढदिवसाला! लोखंडाचा नव्हताच. अॅल्युमिनियमचा होता."

मग तू सगळं सांगितलंस. व्याख्यानाहून आल्यापासून मी खिडकीच्या गजांकडे ज्या नजरेने पाहत होतो, ती नजर तू ओळखली होतीस. तुझा तवा तू चादरीत गुंडाळून कपाटात ठेवलास आणि साडूंचा खुंटीला लावलास. "म्हटलं, बघू या, ओळखतात का." एवढं बोलून तू पिशवीत दोन्ही हात घातलेस आणि तो बाहेर काढलास.

मी मूर्खासारखा म्हणालो, "अगं, तवा तर तुझ्याजवळच होता! मग गेलीस कशाला?"

"तवा गेला म्हणून नव्हते गेले," तू म्हणालीस. "माझा समजून टाकलात, म्हणून गेले."

मी तिन्ही गंजके तवे पायरीच्या कडेला सरकवले.

तू माझ्या पँटचा खिसा उसवलास, अंडं केलंस, आपण दोघांनी ते पायरीवर बसून खाल्लं. ताईंचे डोळे बुधवारी तपासायचे आहेत, ते झालं की गुरुवारी येते म्हणालीस. तवा मात्र परत नेला नाहीस. खुंटीला लावलास आणि म्हणालीस, "ठेवून जाते. बघू."

तर आज सकाळपासून मी तवा बघतोय. उपमा न देता लिहितो. कान नाही. काठ सगळीकडे सारखा नाही; खुंटीच्या भोकाजवळ पातळ, समोरच्या बाजूला जाड. भोकाच्या डावीकडे एक टवका उडालेला आहे, त्यात करंगळीचं टोक बसतं. पाठीमागे काजळीचे पापुद्रे, मध्ये कमी, कडेला जास्त. आतून काळा, पण मधोमध किंचित तपकिरी झाक, तुझं उलथनं फिरतं तिथे. एका हाताने उचलला तर मनगट दुखतं. हे मनगटाचं मला ठाऊकच नव्हतं. तुझं दुखतं का?

संध्याकाळी पुटपुटी पुस्तिकेचे कागद घेऊन आली होती. तिला अॅल्युमिनियमचं सांगितलं. इथे लपायला खण नव्हता, म्हणून ती सरळ समोर हसली. म्हणाली, ते लोक समुद्रात अॅल्युमिनियमही मोजतात. वाऱ्याबरोबर किती धूळ आली ते त्यावरून कळतं. "सर, तुमचा तवा आमच्या बाटलीत आला असता तर आम्ही लिहिलं असतं, वाळवंटातून मोठं वादळ आलं." साडूंच्या भेटीचं इतकं नेमकं वर्णन मला जमलं नसतं. पण तो दोनदा समुद्रात गेला, हे त्यांना कळू देऊ नकोस. विचारलं तर सांग, रोज वापरतो.

पुस्तिकेतून मी माझ्या सगळ्या ओळी काढल्या. 'सागराची क्षुधा' काढलं, 'हिरवी स्वप्नं' काढलं. एकच वाक्य ठेवलं आहे, तेही तिचंच आहे: 'हे थोडंसंच लागतं, पण ते नसेल तर बाकी सगळं असून उपयोग होत नाही.' मुलांना कळेल.

तीन गंजके तवे पायरीवरच आहेत. पाणबुड्याने एक मागितला आहे. त्याची बायको परत बोलायला लागली. पहिलं वाक्य तव्याबद्दलच होतं, "त्यातला एक मला आण."

गुरुवारी मी थांब्यावर येतो. गर्दी असली तरी तुला लांबून ओळखीन. गाडीतून उतरताना तू आधी डावा पाय टाकतेस. पिशवी उजव्या खांद्याला असते, आणि ती या वेळी हलकी असेल. तुझ्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आहे. काल अंडं खाताना पाहिली. दोरा जुना दिसत होता. ती कधी मोडली, ते तू मला सांगितलं असशील.

गुरुवारी पुन्हा सांग.

तुझाच